पांढरीवरची घरे

घर पाहायचे असेल तर ते मे महिन्यात, दुपारी तीन वाजता पाहावे. दिवाळीत कोणतेही घर सुंदरच दिसते. दारी रांगोळी, वर आकाशकंदील, आत चकलीचा खमंग वास. अशा वेळी परीक्षा होते ती गृहिणीची, घराची नव्हे! पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते, कावळासुद्धा चोच उघडी टाकून कडुनिंबाच्या सावलीत बसून राहतो. अशा दुपारी ज्या घरात चटई टाकून माणसाला झोप लागते, ते घर. बाकीची नुसती बांधकामे!

वाचक म्हणतील, घरे पाहायला यवतमाळला कोण जातो? बरोबर आहे. घरे पाहायला लोक राजस्थानात जातात, चेट्टिनाडला जातात, गोव्यात जाऊन शिंपल्यांच्या खिडक्यांची छायाचित्रे काढतात. यवतमाळ म्हटले की कापूस आठवतो, सागवान आठवते, अलीकडे टिपेश्वरचे वाघ आठवतात. आणि गेल्या पंचवीस वर्षांत या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत ज्या दुःखद कारणासाठी येत राहिले, ते तर सांगायलाच नको. पण याच जिल्ह्यात माझे माहेर आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले ती घरे पाहण्यासाठीच.

त्याला कारण घडले दादाचा फोन. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, पुढे लांबच लांब ओसरी आणि ओसरीत पितळी कड्यांची बंगई. पुण्या-मुंबईकडे जिला झोपाळा म्हणतात, तिला आमच्याकडे बंगई म्हणतात. दादा म्हणाला, "घर पाडून टाकतो आता. स्लॅबचे बांधतो. कंत्राटदाराने अंदाज काढून दिला आहे, काही पैसे बँक देईल. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक आले आहे. खांब, तुळया, दारे सगळे उचलून नेतो म्हणतो. वारस म्हणून कागदावर तुझी सही लागेल. एकदा येऊन जा."

ते सागवान कुठे जाते हे मला ठाऊक होते. पुण्यात माझ्या एका मैत्रिणीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात असेच एक जुने दार आहे. पितळी फुल्यांचे, चांगले वजनदार. त्यावर काच टाकून तिने जेवणाचे टेबल केले आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या टेबलाची वाहवा करतो. मीही केली आहे. दार सुंदरच आहे. फक्त त्यातून आता कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही. एका गावातले घर मोडते तेव्हा दुसऱ्या गावातले घर सजते, असा हा व्यवहार. आता पाळी आमच्या दाराची होती.

पण मला खरी काळजी होती ती दाराची नव्हे, कर्जाची. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर घराचे कर्ज काढायचे म्हणजे काय, हे यवतमाळच्या लेकीला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून मी दादाला म्हटले, "सही करते; पण आधी आठ दिवस दे. या जिल्ह्यात लोक कशी घरे बांधत होते आणि आता कशी बांधतात, ते मला एकदा डोळ्यांनी पाहू दे." दादा हसला. पण त्याने गाडी दिली, आणि सोबतीला पुतण्या दिला. हा पुतण्या पॉलिटेक्निकात स्थापत्य शिकतो. त्यामुळे सारा प्रवासभर माझ्या एका कानात जुन्या आठवणी आणि दुसऱ्या कानात सिमेंटचे प्रमाण, असा कार्यक्रम चालू होता!

सुरुवात यवतमाळ शहरापासून केली. १९०५ पर्यंत या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. पुढे यवतमाळचे नाव पडले. शहर वाढले ते कापसावर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी आली. तीच आमची शकुंतला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता त्या रुळांवर गाडी धावत नाही. पण कापसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या पेठा आणि वाडे अजून कुठे कुठे तग धरून आहेत.

अशाच एका वाड्यात आम्ही दुपारी शिरलो. बाहेर डोळे उघडवत नव्हते. दाराच्या आत पाऊल टाकले आणि अंगावरून कोणी ओला पंचा फिरवावा तसे वाटले. आधी दरवाजाची देवडी, मग चौक, मग ओसरी, मग माजघर. ऊन एकदम आत येत नाही. ते उंबऱ्या-उंबऱ्यावर थांबत, दमत येते, आणि माजघरापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा निव्वळ उजेड होतो. पुतण्या म्हणाला, "आत्या, ही किमया भिंतीची आहे. जाड मातीची भिंत दुपारचे ऊन पिऊन घेते आणि ते आतल्या बाजूला पोहोचायला आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते, दारे उघडी असतात, वारा ते घेऊन जातो. चार-पाच इंचांचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापून निघतो आणि रात्रभर आपल्याच डोक्यावर ऊब सोडत बसतो." म्हणजे आमच्या आजोबांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते पुतण्याला पुस्तकाने ठाऊक झाले होते. मध्ये दादाची एक पिढी राहिली, तिला ते कोणी सांगितलेच नाही!

शहराबाहेर पडलो तशी नवी वस्ती लागली. आमच्याकडे तिला ले-आउट म्हणतात. कालपर्यंत जिथे तूर उभी होती, तिथे आज गुलाबी-पोपटी रंगांचे बंगले उभे आहेत. प्रत्येक बंगल्याच्या खिडकीत भला मोठा कूलर बसवलेला. आणि पुष्कळ बंगल्यांच्या भिंतींवर खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली तिरपी भेग. घर नवे, रंग नवा आणि भेगही नवी!

या भेगेचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. आपल्याकडे शेताला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. काळी पिकवायची, पांढरी राहायची. ही नुसती बोलण्याची रीत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून अशी भेगाळते की त्यात हात जावा. कापसाच्या मुळांना ती मानवते, घराच्या पायाला मानवत नाही. दरवर्षी पाया वर उचलला जातो, खाली बसतो, आणि भिंत तडकते. म्हणून जुन्या लोकांनी गाव वसवले ते चुनखडीच्या पांढुरक्या, न फुगणाऱ्या मातीच्या उंचवट्यावर, आणि भिंतीही त्याच मातीच्या घातल्या. आज पांढरीवर जागा उरली नाही, तेव्हा काळीवर बांधणे भाग आहे, हेही खरे. त्यालाही शास्त्राने मार्ग काढलेला आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० नंतरच्या दशकात अशा जमिनीसाठी खोल जाणारे, तळाशी कांद्यासारखा गड्डा असलेले खांब तयार केले. ते मातीच्या फुगण्याला दाद देत नाहीत. निदान काळी माती खोल उकरून मुरूम भरला, तरी पुष्कळ निभते. पण हे सारे जमिनीखाली जाते, पाहुण्याला दिसत नाही. म्हणून लोक पायात काटकसर करतात आणि दर्शनी भागाला टाइल्स लावतात!

दुसऱ्या दिवशी पूर्वेला निघालो. कळंबला चिंतामणीचे दर्शन घेतल्याशिवाय या रस्त्याने पुढे कोणी जात नाही. हे देऊळ चढून जायचे नाही, उतरून जायचे. देव जमिनीच्या पातळीखाली आहे आणि पायऱ्यांनी खाली जावे लागते. एकेक पायरी उतरताना उन्हाळा एकेक पायरीने वर राहतो. बांधणाऱ्याने हे भाविकाला थंड वाटावे म्हणून केले नसेल. पण जमिनीच्या पोटात गारवा असतो ही गोष्ट त्याला नक्कीच ठाऊक होती. जुन्या घरांतले धान्याचे पेव काय किंवा जमिनीत निम्मा पुरलेला रांजण काय, त्याच जाणिवेची ती धाकटी भावंडे.

कळंबहून आम्ही पांढरकवड्याच्या बाजूला गेलो. इकडे सागाचे रान सुरू होते आणि टेकड्यांच्या कुशीत कोलामांचे पोड लागतात. पोड म्हणजे कोलाम वस्ती. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास म्हणून नोंदलेल्या आदिम जमातींपैकी एक. यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातली. पोडाचा प्रमुख नाईक, आणि मध्यभागी सगळ्यांची मिळून एक चावडी. घरे अगदी साधी: बांबूच्या कामट्यांचा विणलेला कूड, त्याला दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप, वर गवत किंवा कवेलू. आमची घरे बांधलेली असतात, ही विणलेली! जणू मोठी टोपली उपडी घालून तिच्यात संसार मांडला आहे. बांबू विणण्यात कोलामांचा हात धरणारे थोडेच, तेव्हा घरही त्यांनी त्याच हाताने केले, यात नवल नाही.

चावडीत एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांच्या झोपडीला लागूनच सरकारी घरकुल उभे होते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या घराला १,२०,००० रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. घरकुल पक्के होते, दाराला कुलूप होते. मी विचारले, "आजोबा, घरकुलात राहत नाही का?"

"पावसायात राहतो ना," आजोबा म्हणाले. "पान्याचं चांगलं हाये, गळत नाई. सापाचं भेव नाई. पन उन्हायात तिथं कोन निजते बाई? मंग आम्ही आपल्या कुडात. घरकुलात कापूस ठेवतो."

मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटले. आजोबांनी जुने चांगले की नवे, असा वाद घातलाच नाही. पावसाळ्याला एक घर, उन्हाळ्याला एक घर. दोघांकडून त्यांच्या त्यांच्या अंगचे काम करून घेतले! आमच्या आर्किटेक्ट मंडळींनी घरकुलाचा नकाशा काढण्यापूर्वी या चावडीत अर्धा तास बसावे, असे मला मनापासून वाटले. त्याच चार भिंतींना पुढे आठ हात छपरीची सोय असती, तर त्या कुलपाची गरजच पडली नसती.

तिथून वणीकडे गेलो. या वाटेवर निसर्गानेच एक इमारत उभारून ठेवली आहे. शिबला-पार्डी गावाजवळ २०२१ साली रस्त्याचे खोदकाम चालू असताना काळ्या दगडाचे खांबच्या खांब उघडे पडले; एकमेकांना चिकटून उभे, जणू कोणी पाथरवटाने टाकीने घडवून रचले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. तो सावकाश निवताना आकसला आणि असे बहुकोनी स्तंभ तयार झाले. जिल्ह्यातल्या घरांचे जोते ज्या काळ्या दगडाचे, तो हाच. आणि वणीजवळच्या राजूरला चुनखडीच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या. म्हणजे पाहा, पायाला दगड इथलाच, भिंतीला माती इथलीच, गिलाव्याला चुना इथलाच, छपराला साग आणि बांबू इथलाच. घराला लागणारी एकही वस्तू जिल्ह्याबाहेरून आणायला नको होती, आणि म्हणूनच घरापायी कोणी बुडाले नाही.

वणीच्या बाजाराच्या दिवशी एक वृद्ध गवंडी भेटले. त्यांनी आयुष्यभर मातीच्या भिंती घातल्या, आणि आता त्यांची मुले सिमेंटचे काम करतात. मी त्यांना भिंतीची कृती विचारली, तशी एखादी सुगरण पाककृती सांगते त्या थाटात ते सांगू लागले. पांढरी माती चाळायची, त्यात गव्हाचे कुटार घालायचे, पाणी सोडायचे, पायांनी तुडवायची आणि तशीच ठेवून द्यायची. "माती मुरू द्या लागते बाई," ते म्हणाले, "लोनचं मुरते तशी. घाई केली का भित फाटली समजा." मग एकेक थर हातभर उंच घालायचा, तो सुकल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती जुनी घरे असलेल्या सर्व वाचकांनी लिहून ठेवावी: मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. दोन-चार पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पापुद्र्यासकट भिंत घेऊन खाली येतो. मातीवर माती चालते, चुना चालतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

आठव्या दिवशी आम्ही घरी परतलो. आता मी काय म्हणणार हे दादाने ओळखलेच होते. पण बोलली ती वहिनी. ताटे वाढता वाढता ती म्हणाली, "ताई, तुम्ही चार दिवस येता, ओसरीत बंगईवर बसता आणि काय गार वाटते म्हणता. गार आहेच. पण दर आठवड्याला सारवायला कोण बसते? वानरे कवेलू फोडतात, ते फेरायला आता माणूस मिळत नाही. नवे कवेलू करणारा कुंभार पंचक्रोशीत उरला नाही. तुळईला उधई लागली आहे. आणि तुम्ही कधी माझ्या स्वयंपाकघरात तासभर उभ्या राहून पाहिले? तिथे खिडकीच नाही!"

घासभर जेवण तसेच ताटात राहिले. वहिनीच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. आमचे घर गार होते ते ओसरीत बसणाऱ्यांना. चुलीपुढे उभी राहणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या धुरात होती. आजोबांनी भिंत शहाणपणाने घातली. पण ते शहाणपण स्वयंपाकघराच्या दारापाशी थबकले होते. जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब वहिनीसमोर मांडून दाखवावा, मगच पुढे बोलावे.

त्या रात्री आम्ही चौघे अंगणात बाजा टाकून बसलो आणि घर पुन्हा पहिल्यापासून बांधले, अर्थात कागदावर. पुतण्याने वही काढली. त्याला मी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, तिथल्या कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्याच आहेत, आणि आजही नीट उभ्या आहेत. पुढे लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुशिल्पी गांधीजींना भेटले. घराचे सामान घराच्या पाच मैलांच्या आत मिळावे, हा विचार त्यांनी तिथून उचलला आणि केरळात जन्मभर तो विटांत आणि चुन्यात उतरवला. वर्ध्यालाच देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे मातीचे निमुळते पेले एकात एक खोवून छपराची कमान उभी करण्याची युक्ती विकसित झाली. त्या छपराला ना लोखंड लागते, ना सागवान. लागतो फक्त कुंभार. पुतण्या म्हणाला, "आत्या, हे आम्हाला शिकवतच नाहीत!" मी म्हटले, "मग तू शिक आणि त्यांना शिकव."

शेवटी ठरले ते असे. घर पाडायचे नाही. पण जसेच्या तसे जपायचेही नाही. समोरची ओसरी, माजघर आणि देवघर यांच्या भिंती ठणठणीत आहेत, त्या ठेवायच्या. उधई लागलेल्या दोन तुळया काढायच्या. चांगले सागवान विकायचे नाही, तेच छपराला वापरायचे. वर कवेलूंऐवजी टिनाचे पत्रे घालायचे, म्हणजे वानरांचा प्रश्न मिटला. आणि पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करायचे, म्हणजे पत्र्याची ऊब खाली उतरणार नाही. तट्टे पांढरकवड्याच्या बाजूचे, कोलामांच्या हातचे. बांबू आता आपल्या शेताच्या बांधावरही लावता येतो. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडायला पूर्वीसारखा परवाना लागत नाही. दादाने लगेच बांधावर वीस रोपे लावायचे कबूल केले.

मागची बाजू मात्र सगळी नवी. स्वयंपाकघर आणि न्हाणी विटांची, काळी माती उकरून मुरमाच्या भरावावर. सारवण फक्त देवघरात आणि अंगणात. बाकी शहाबादी फरशी. आणि कापसासाठी वेगळी खोली. हे शहरातल्या वाचकांना कळायचे नाही. पण भाव येईपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच ठेवावा लागतो. नव्या पद्धतीच्या बंगल्यात त्याला जागाच नसते. मग तो झोपायच्या खोलीत छताला भिडतो, आणि घरातली माणसे अंग खाजवत कापसाच्या कडेला निजतात! जे घर त्या घरातल्या पिकाला ओळखत नाही, ते कितीही देखणे असो, परक्याचे घर.

पुतण्याने बेरीज मांडली. स्लॅबच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. कर्ज काढायची गरज उरली नाही. दादाने तो कागद माझ्यापुढे न ठेवता घडी घालून पाकिटात टाकला. सागवानाच्या गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्या दिवशी चहा पाजून परत पाठवले.

आता शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द. तुम्हाला मातीची भिंत घालता येणार नाही, हे मी जाणते. मीही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच राहते. पण पांढरीवरच्या घरांनी मला जे शिकवले, त्यातले पुष्कळसे तिथेही चालते. गॅलरी काचा लावून बंद करू नका. तीच तुमची ओसरी आहे, ऊन आणि घर यांच्यामधला उंबरा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडा; ऊन आत येऊन मग अडवण्यापेक्षा बाहेरच थोपवलेले बरे. सोसायटीच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना मारा. हे काही मी माझ्या मनाचे सांगत नाही; अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीमच घेतली. भिंतीत एखादा कोनाडा असेल तर तो बुजवून कपाट करू नका. पणती ठेवायला जागा असू द्या. आणि शोभेसाठी जुने दार विकत घेणारच असाल, तर ते कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, एवढे तरी विचारून घ्या. घेतलेच, तर त्याला बिजागऱ्या लावा आणि दार म्हणून वापरा. काचेखाली निजवू नका.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, घराचा नकाशा काढताना घरात जे माणूस सर्वांत जास्त वेळ उभे असते, त्याला आधी विचारा. बैठक नंतर सजवता येते. पाहुणे तासाभराने जातात.

पावसाळ्याच्या आधी आमच्या घराचे छप्पर झाले. मागची बाजू दसऱ्यापर्यंत उरकली. परवा शेतात सीतादही करून कापूस वेचायला सुरुवात केल्याचे सांगायला वहिनीचा फोन आला होता. पहिल्या वेच्याचा कापूस नव्या खोलीत पडला, ओसरी मोकळी आहे, दिवाळीला तुम्ही सगळे या, असे ती म्हणाली. बोलणे संपवता संपवता तिने आणखी एक बातमी दिली. नव्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत, समोरासमोर. पूर्वेच्या खिडकीतून विहिरीवरची चिंच दिसते. "तीस वर्षे झाली ताई मला या घरात येऊन," वहिनी म्हणाली, "पण पोळ्या करता करता ते झाड मी आताच पाहिले."